कुजबुज लपवायला गोंगाट लागतो: पीपीएम आणि व्होल्टेअरचं प्रकरण

2014 साली अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांच्या रॅकमध्ये एक नवा डबा दिसायला लागला. नाव व्होल्टेअर, किंमत सुमारे 15,000 डॉलर. रेडिओवाले आवाजाच्या उपकरणांवर पैसा ओततात तो आवाज भरदार व्हावा, स्वच्छ व्हावा किंवा निदान शेजारच्या स्टेशनापेक्षा मोठा वाटावा म्हणून. हा डबा यातलं काहीही करत नव्हता. त्याचं बटण जास्त पिळलं तर आवाज उलट बिघडायचा. तरी वर्ष-दीड वर्षात शेकडो स्टेशनांनी तो घेतला, आणि घेतल्याची वाच्यता होऊ नये याची काळजीही अनेकांनी घेतली.

श्रोत्यासाठी तो डबा नव्हताच. श्रोत्याच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्या यंत्राला रेडिओ नीट ‘ऐकू’ यावा, एवढ्यासाठी ही सगळी यातायात होती.

त्या यंत्राचं नाव पोर्टेबल पीपल मीटर, म्हणजे पीपीएम. आर्बिट्रॉन या श्रोतामापन कंपनीनं ते 1990 च्या दशकात विकसित केलं. त्याआधी अमेरिकेत रेडिओचे श्रोते डायरीनं मोजले जायचे. निवडलेल्या माणसानं आठवडाभर कधी कोणतं स्टेशन ऐकलं ते वहीत लिहायचं. आपल्याकडे 2007 मध्ये सुरू झालेलं रेडिओचं ‘रॅम’ मापनही डायरीवरच चालत असे. डायरीचा दोष सांगायला तज्ज्ञ लागत नाही. रविवारी रात्री आठवून आठवून लिहिलेल्या वहीत माणूस ऐकलेलं कमी आणि आवडतं जास्त लिहितो. टॅक्सीत, न्हाव्याकडे, दुकानात कानावर पडलेलं स्टेशन वहीत येतच नाही.

पीपीएमनं आठवणीला बाजूला सारलं. पेजरएवढं यंत्र पॅनेलमधल्या, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या, माणसानं दिवसभर अंगावर वागवायचं आणि रात्री चार्जिंगच्या खाचेत ठेवायचं. प्रत्येक स्टेशन आपल्या प्रसारणात ओळखीची एक खूण मिसळणार, माणसाला ऐकू न येणारी. यंत्राचा मायक्रोफोन ती टिपणार आणि मिनिटाची नोंद करणार. 2007 मध्ये ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियात याच आकड्यांवर जाहिरातींचे सौदे व्हायला लागले, पुढे 48 मोठ्या बाजारपेठांत. 2013 मध्ये नील्सननं आर्बिट्रॉन विकत घेतली आणि हा कारभार नील्सन ऑडिओ या नावानं चालू राहिला.

कागदावर ही रचना निर्दोष दिसते. स्टेशन बोलेल, यंत्र ऐकेल, माणसाच्या लहरीचा संबंध नाही. मात्र ‘ऐकू न येणारी खूण’ या चार शब्दांत एक अट दडलेली होती, आणि पुढचं सगळं भांडण त्या अटीचं आहे.

झाकण

स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना बाहेरच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही. हाकेच्या लहरी कानापर्यंत पोचलेल्या असतात, पण मिक्सरच्या आवाजानं कानातली तीच जागा आधीच अडवलेली असते. याला मास्किंग म्हणतात. कानाच्या आतली शंखाकृती नळी वेगवेगळ्या वारंवारिता वेगवेगळ्या ठिकाणी झेलते. एका ठिकाणी मोठा आवाज चालू असेल तर त्याच पट्ट्यातला बारीक आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. हे पट्टे म्हणजे क्रिटिकल बँड. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड झ्विकर यानं 1961 मध्ये ऐकू येणाऱ्या पल्ल्याचे असे 24 पट्टे मांडले. 1,000 हर्ट्झच्या आसपास एक पट्टा सुमारे 160 हर्ट्झ रुंद असतो, 2,000 च्या आसपास 300, आणि 3,000 कडे जाताना 450.

मास्किंगच्या काही खोडी इथे माहीत हव्यात. खर्जातला आवाज वरच्या स्वरांना चांगला झाकतो, वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. खळखळाटासारखा गोंगाटी आवाज एखाद्या बारीक सुराला सहज पोटात घेतो. शुद्ध सूर मात्र झाकण घालताना कंजूष असतो: त्याच्याजवळ दुसरा सूर ठेवलात तर दोघांच्या घासण्यातून कंप जाणवतो आणि चोरी पकडली जाते. मोठा आवाज थांबल्यावर त्याचं झाकण शंभर-दोनशे मिलिसेकंद रेंगाळतं, पण आवाज सुरू व्हायच्या आधी ते जेमतेम वीसेक मिलिसेकंद मिळतं. एमपी3 सारखे कोडेक, म्हणजे आवाज कमी जागेत मावेल असा दाबणाऱ्या पद्धती, याच झाकणाचा उलटा उपयोग करतात. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला, म्हणून टाकून देतात. वॉटरमार्कवाला, म्हणजे आवाजात खूण लपवणारा, नेमकं त्याच अडगळीत आपलं सामान ठेवतो.

पीपीएमच्या कोडाला, म्हणजे त्या लपवलेल्या खुणेला, क्रिटिकल बँड एन्कोडिंग असंच नाव होतं. आर्बिट्रॉनच्या 1990 च्या दशकातल्या पेटंटमध्ये त्याची मांडणी दिलेली आहे. एकेक चिन्ह म्हणजे 1,000 ते 3,000 हर्ट्झच्या पट्ट्यात विखुरलेले दहा बारीक सूर. अशी चिन्हं एकामागून एक येतात आणि काही सेकंदांत स्टेशनाची ओळख पुरी होते. स्टेशनावर ही खूण मिसळणारं यंत्र, म्हणजे एन्कोडर, क्षणोक्षणी कार्यक्रमाचा आवाज तपासतो, कोणत्या पट्ट्यात किती झाकण मिळतंय याचा अंदाज घेतो आणि प्रत्येक सुराची पातळी त्या झाकणाखाली बसेल इतकीच ठेवतो.

1,000 ते 3,000 हर्ट्झ हा पट्टा निवडणं म्हणजे पोलीस चौकीच्या दारात माल लपवणं. कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो याच भागात आणि याच्या जरा वर. पण दुसरा इलाजही नव्हता. स्वस्त ट्रान्झिस्टर, मोटारीतला जुना स्पीकर, एएम प्रसारण, दुकानातला छताचा भोंगा, कोडेकमधून पिळून निघालेलं इंटरनेट प्रसारण, या सगळ्यांतून भरवशानं पार होणारा पट्टा हाच. बोलणं समजावं म्हणून सगळी यंत्रणा जो भाग जपते, त्याच्याच पाठीवर बसून खूण प्रवास करणार.

यंत्राचा कान

यंत्राला जे ऐकू येतं ते माणसाला कसं ऐकू येत नाही? याचं उत्तर हिशोबात आहे, आणि हिशोब इतका सुंदर आहे की तो केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

2,000 हर्ट्झच्या जवळ कानाचा पट्टा सुमारे 300 हर्ट्झ रुंद. त्या पट्ट्यातला सगळा गोंगाट कान एकत्र मोजतो. त्यात एक सूर गोंगाटाच्या पातळीपेक्षा पाचेक डेसिबल खाली ठेवला तर कानाला तो वेगळा काढता येत नाही. यंत्राला मात्र कोणता सूर शोधायचा हे आधीच ठाऊक असतं. पेटंटमधल्या वारंवारिता सुमारे 4 हर्ट्झच्या जाळीवर बसवलेल्या आहेत, म्हणजे यंत्र 300 ऐवजी 4 हर्ट्झच्या फटीतून पाहतं. फट 75 पट अरुंद झाली की तिच्यातून येणारा गोंगाटही 75 पट कमी होतो, डेसिबलमध्ये जवळपास 19. त्यातून मघाचे 5 वजा केले तर यंत्राच्या दृष्टीनं तोच सूर गोंगाटाच्या 14 डेसिबल वर उभा असतो. कानाला पत्ता नाही, यंत्राला लख्ख.

अर्थात 4 हर्ट्झची फट फुकट मिळत नाही. इतक्या बारकाईनं पाहायचं तर पाव सेकंदभर तरी सलग ऐकावं लागतं, म्हणून चिन्हं लांबलचक ठेवावी लागतात. ही किंमत पुढे वसूल होणार आहे.

आता तो मीटर खऱ्या खोलीत आणू. कमरेला अडकवलेलं यंत्र रेडिओबरोबर भांड्यांचा आवाज, एसीची घरघर, सदऱ्याची सळसळ आणि रस्त्यावरची रहदारीही ऐकतं. या पट्ट्यात खोलीचा आवाज रेडिओइतकाच असेल तर गोंगाट दुप्पट होतो, 14 चे 11 उरतात, फार बिघडत नाही. खोली रेडिओपेक्षा 10 डेसिबल मोठी असेल तर साडेतीनच्या आसपास उरतात. इथे वाचन डळमळतं.

हेही एक वेळ चाललं असतं. खोली काय, सगळ्या स्टेशनांसाठी सारखीच गोंगाटाची. पण कोडाची पातळी ठरवतो कार्यक्रम आणि गोंगाटाची पातळी ठरवते खोली. कार्यक्रम त्या पट्ट्यात रिकामा झाला की एन्कोडर इमानदारीनं कोड खाली आणतो, खोली मात्र आपला आवाज कमी करत नाही. म्हणजे दोन स्टेशनं, तोच श्रोता, तीच खोली, तोच आवाजाचा काटा. एकावर गिटार आणि झांजांचा भरगच्च रॉक, तिथे पट्टा सतत भरलेला आणि कोड टणटणीत. दुसऱ्यावर खर्जातल्या आवाजाचा एक निवांत गृहस्थ बोलतोय. त्याच्या आवाजाची बरीचशी ताकद 1,000 हर्ट्झच्या खाली. वरच्या पट्ट्यात थोडंफार येतं ते शब्दांपुरतं, आणि शब्दांच्या मध्ये काहीच नाही. अक्षर उच्चारायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, चिन्ह त्याहून लांब. एका चिन्हात दोन अक्षरं आणि एक खड्डा. खड्ड्यात सूर तसाच ठेवला तर ऐकू येणार, काढला तर चिन्ह अर्धवट.

थोडक्यात, हा मीटर स्टेशन किती जणांनी ऐकलं हे मोजत होताच, पण ते स्टेशन खूण लपवायला किती जागा देतं हेही नकळत त्याच आकड्यात मिसळत होतं. अमेरिकेच्या रेडिओ-जगात हे समजायला जो वेळ लागला, त्याचं मला अजून नवल वाटतं. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं ही गोष्ट पहिल्या दिवसापासून पेटंटच्या पानावर उघडी पडलेली होती.

पाव तासाचा हिशोब

थोडी खूण हुकली तर एवढं काय, असं वाटू शकतं. त्यासाठी रेटिंगचं गणित पाहायला हवं. अमेरिकी रेडिओत एकक आहे पाव तास. त्या काळच्या नियमानुसार श्रोत्यानं पाव तासात निदान पाच मिनिटं स्टेशन ऐकलं तर तो अख्खा पाव तास स्टेशनाच्या खात्यात जमा, चार मिनिटं ऐकलं तर शून्य. मधली एखाद-दुसरी हुकलेली मिनिटं भरून काढण्याचे नियम होते. पण ऐकण्याच्या सुरुवातीची आणि शेवटची मिनिटं हुकली तर ती कशाच्या आधारावर भरणार?

समजा कुणी 8 वाजता गाडीत बसला, 8 वाजून 6 मिनिटांनी उतरला. सहा मिनिटं ऐकलं. टोकाची दोन मिनिटं निवेदकाच्या संथ बोलण्यात गेली आणि वाचली गेली नाहीत. उरली चार. स्टेशनाचं एक-तृतीयांश नव्हे, सगळंच बुडालं. त्यात पॅनेलमधला एकेक माणूस हजारो श्रोत्यांच्या वतीनं मोजला जातो. कोडाच्या पातळीतला छोटा फरक अशा उंबरठ्यावर येऊन मोठा होतो आणि जाहिरातीच्या दरात उतरतो.

कुणाचं किती बुडालं? इथे जपून बोलायला हवं. अमेरिकी रेडिओवाल्यांत एक लाडकी कहाणी आहे, की पीपीएमनं स्मूथ जॅझ मारलं. सॅक्सोफोनचा एकटा सूर, खाली मऊ साथ, सूर थोडे आणि मधला पट्टा बराचसा मोकळा. सिद्धांताच्या अंगानं हा संशय रास्त आहे. न्यूयॉर्कच्या 101.9 नं फेब्रुवारी 2008 मध्ये स्मूथ जॅझ सोडलं, शिकागोच्या 95.5 नं 2009 मध्ये सोडून स्पॅनिश कार्यक्रम सुरू केले, हेही खरं. पण न्यूयॉर्कमध्ये पीपीएमचे आकडे अधिकृत झाले ते 2008 च्या शरदात, म्हणजे स्टेशन बदलल्यानंतर. शिवाय डायरीच्या काळात मागे मंद वाजत राहणाऱ्या स्टेशनाला आठवणीचा फायदा मिळायचाच, तो कोणत्याही मीटरनं गेला असता. पॅनेलमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो श्रोते पुरेसे नाहीत, ही तक्रार तर वेगळीच होती आणि ती 2008 मध्ये न्यूयॉर्क व न्यू जर्सीच्या अॅटर्नी जनरलांमार्फत न्यायालयात गेली. जॅझचा खून कोडानं केला असं म्हणायला मी तयार नाही. कोडाला घटनास्थळी पाहिलं होतं, एवढंच म्हणेन.

ब्लेसरचा डबा

डॉ. बॅरी ब्लेसर हे नाव आवाजाच्या धंद्यात जुनं. एमआयटीत शिकवलेला माणूस आणि 1976 च्या ईएमटी 250 या पहिल्या व्यावसायिक डिजिटल रिव्हर्ब (आवाजाला खोलीची घुमक देणाऱ्या) यंत्रामागचा एक मुख्य मेंदू. पुढे तो 25-सेव्हन सिस्टिम्स या छोट्या कंपनीत होता, आणि ती टेलॉस अलायन्स या रेडिओ-उपकरणं बनवणाऱ्या समूहात सामील झाली. कोड कार्यक्रमाच्या जातीनुसार कमी-जास्त वाचला जात असणार, हा मुद्दा ब्लेसरनं व्होल्टेअर बाजारात येण्याच्या काही वर्षं आधीच लेखी मांडला होता. त्याच्याकडे नील्सनचं आतलं काही नव्हतं. पेटंट होती, मास्किंगचं ज्ञान होतं आणि स्टेशनावर बसवलेल्या एन्कोडरमधून निघणारा आवाज होता.

शेवटचा भाग महत्त्वाचा. एन्कोडर मापन कंपनी पुरवायची. तो चालू आहे की बंद, हे स्टेशनाला कळायचं, पण या घटकेला कोड किती जोरकस आहे हे कळायची सोय नव्हती. म्हणजे ज्या काट्यावर आपला माल तोलला जातो, तो काटा दुकानदाराला दिसतच नव्हता. पण एन्कोडरमध्ये जाणारा आवाज आणि बाहेर येणारा आवाज हे दोन्ही हाताशी असले की साध्या वजाबाकीत उरतो तो वॉटरमार्क. जे लपवलं ते कानापासून लपवलं होतं, वजाबाकीपासून नाही.

25-सेव्हनचा व्होल्टेअर या जागेवर बसला. स्टेशनाचा एन्कोडर त्याच्या फेऱ्यात जोडायचा. मग तो दोन कामं करायचा. एक, कोड किती भरवशानं वाचला जाईल हे पडद्यावर क्षणाक्षणाला दाखवायचा. गोंगाटाच्या जागी काय होईल तेही अजमावता यायचं. दोन, एका बटणानं कोड अधिक वाचनीय करायचा. पहिलं काम म्हणजे आरसा, दुसरं म्हणजे औषध. विक्री औषधाच्या नावानं झाली, पण मला विचाराल तर खरा स्फोट आरशानं केला. निवेदक बोलायला लागला की काटा पडतो आणि गाणं लागलं की उठतो, हे प्रोग्रॅम डायरेक्टरनं एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर तो शांत झोपणं शक्य नव्हतं.

औषधाचा दुष्परिणाम उघड होता. झाकणापेक्षा मोठी वस्तू झाकणाखाली ठेवली की ती बाहेर डोकावते. कोड वाढवला की संवेदनशील कानांना बोलण्यावर एक धातूसारखा थर ऐकू यायचा, बोलणारा पत्र्याच्या पिंपाजवळ उभा असल्यासारखा. गाण्यात ते दबून जायचं. म्हणजे जिथे गरज नव्हती तिथे त्रास नाही, आणि ज्या बोलण्यासाठी डबा आणला तिथेच त्रास. असं होणारच होतं. जिथे लपायला जागा कमी, तिथेच कोड अशक्त, आणि तिथेच वाढवला तर तो उघडा पडणार. बटण कितीही हुशार असलं तरी या त्रिकोणातून सुटका नाही.

मग आणखी एक पेच. रेटिंग हा वाट्याचा खेळ आहे. एका स्टेशनाचा टक्का वाढला तर कुणाचा तरी घटतो. व्होल्टेअर घेतलेल्या स्टेशनाचे श्रोते वाढले, तर ते आधी हरवलेले आपलेच श्रोते परत मिळाले की शेजाऱ्याच्या मानानं फुगवटा आला? दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि म्हणून वाद कधी मिटत नाही. ज्याच्याकडे 15,000 डॉलर आहेत त्याचे श्रोते मोजले जातात आणि लहान गावठी स्टेशनाचे नाहीत, ही तक्रारही रास्तच. हळूहळू डबा घेणं हे फायद्यासाठी न राहता, मागे पडू नये म्हणून झालं. टेलॉसलाच हा खेळ जुना. त्यांचे ऑम्निया प्रोसेसर आवाज मोठा करण्याच्या चढाओढीत असेच खपले होते.

नील्सनचं उत्तर

2015 च्या जुलैमध्ये नील्सननं ग्राहकांना सांगितलं की व्होल्टेअरच्या वापराला आपला पाठिंबा नाही. त्याबरोबरच आपलाच कोड अधिक सशक्त करण्याचं पाऊल जाहीर केलं, आणि 2015 संपता संपता सुधारित एन्कोडिंग पीपीएमच्या बाजारपेठांत सगळ्या स्टेशनांसाठी लागू झालं. डब्याशी लढण्याऐवजी डब्याची गरज कमी करायची आणि सगळ्यांना एकदम, म्हणजे वाट्याचा तंटा मिटला.

मापन कंपनी म्हणून याहून शहाणं पाऊल मला दिसत नाही. तरीही ते अवघड होतं, कारण त्याचा अर्थ लपत नाही. कोड वाढवून वाचन सुधारणार असेल, तर आधी काहीतरी वाचलं जात नव्हतं. त्या आधीच्या सात-आठ वर्षांचे सौदे, बंद पडलेले कार्यक्रम, नारळ मिळालेले निवेदक यांचा हिशोब आता कुणी मांडायचा नाही, आणि मांडताही येणार नाही.

सुधारणेचा भार मात्र तिसऱ्याच माणसावर गेला. आधी कोड अशक्त होता तेव्हा नुकसान स्टेशनाचं होतं. आता कोड सशक्त झाला आणि बोलक्या कार्यक्रमांवर तो धातूचा थर जाणवल्याच्या तक्रारी रेडिओ-अभियंत्यांकडून यायला लागल्या. पूर्वी हे फक्त बटण पिळणाऱ्या स्टेशनांवर व्हायचं. म्हणजे मापनाची किंमत आता श्रोता आपल्या कानानं भरणार, आणि ती आपण भरतोय हे त्याला कळणारही नाही. कुणी नील्सनला पत्र लिहून विचारत नाही की सकाळच्या बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज डब्यातून का येतोय.

तांत्रिकदृष्ट्या दुसरे रस्ते होते का? होते, पण प्रत्येकाला टोल आहे. चिन्हं आखूड केली तर बोलण्याच्या खड्ड्यांतून सुटतात, पण 4 हर्ट्झची फट रुंद होते आणि 19 डेसिबलची ती सुंदर आघाडी वितळते. ओळख पुरी व्हायला लागणारा वेळ वाढवून तीच खूण अनेकदा सांगितली तर भरवसा वाढतो, पण स्टेशन चाळणाऱ्या श्रोत्याची नोंद हुकते. खूण टाकायचीच नाही, फक्त ऐकलेल्या आवाजाचा ठसा मध्यवर्ती संग्रहाशी जुळवायचा, हा मार्ग गाणं ओळखणाऱ्या मोबाइल अॅपमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात आवाज बिघडत नाही, पण अनेक स्टेशनांना पुरवला जाणारा एकच सिंडिकेटेड कार्यक्रम एकाच वेळी दोन स्टेशनांवर चालू असेल तर ठसा दोघांचा सारखाच येतो. जाहिरातदाराला तर नेमकं कोणतं स्टेशन, हेच हवं असतं. म्हणून खूण राहिली, आणि खुणेबरोबर झाकणाचा प्रश्नही राहिला.

आपल्याकडे हे प्रकरण परकं नाही. बार्क 2015 पासून टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजते ती वाहिन्यांच्या ध्वनीत मिसळलेल्या वॉटरमार्कवरच. त्यांची कोडाची रीत आर्बिट्रॉनची नव्हे, आणि दिवाणखान्यात ठेवलेल्या मीटरची परिस्थिती कमरेच्या मीटरपेक्षा कितीतरी सोपी. टीव्ही जवळच असतो आणि आवाज सहसा मोठा. पण खूण ऐकू येऊ नये ही अट तीच, म्हणजे झाकणाचं गणितही तेच. त्या गणिताच्या चष्म्यातून आपल्या वाहिन्या पाहायला मजा येते. मराठी वृत्तवाहिनीवर रात्री सहा पाहुणे एकाच वेळी ओरडतात, खाली ढणढण पार्श्वसंगीत, वर ब्रेकिंग न्यूजचा हूश् हूश् आवाज. कानाला ताप, पण खूण लपवायला याहून ऐसपैस जागा नाही. पहाटे तंबोऱ्यावर एकटा गायक आलाप घेतोय, मध्ये दोन क्षण थांबतोय, तिथे एन्कोडर बिचारा कोपरा शोधत फिरत असणार. आरडाओरडा टीआरपीसाठी करतात असं आपण म्हणतो तेव्हा हे कारण आपल्या मनात नसतं, आणि वाहिनीवाल्यांच्याही नसावं. ते ओरडतात ते त्यांच्या स्वतःच्या कारणांनी.

अमेरिकेतल्या बोलक्या स्टेशनांच्या अभियंत्यांना मात्र ही चैन नव्हती. त्यांच्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर काटा. बोलण्याखाली संगीताची हलकी सतरंजी अंथरली की काटा वर येतो, निवेदकाच्या आवाजातला दोन हजार हर्ट्झचा भाग इक्वलायझरनं उचलला की वर येतो, वाक्यांमधल्या जागा कॉम्प्रेसरनं बुजवल्या की आणखी वर येतो. यातल्या कशालाही 15,000 डॉलर लागत नाहीत. आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत निवेदक तीन सेकंद गप्प राहिला, तर त्या तीन सेकंदांत जुना एन्कोडर काही लिहीत नव्हता आणि नवाही लिहीत नाही.